पुरलेल्या विषाचा बोजा

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २४ जुलै २०२५ रोजी दूषित जागांच्या व्यवस्थापनाविषयीचे नियम अधिसूचित केले. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली घातक कचरा, इस्पितळांतील कचरा, प्लॅस्टिक, कर्णकर्कश आवाज अशा नाना गोष्टींचे नियम ह्यापूर्वीच झाले होते. रसायने मुरून नासलेल्या जमिनीच्या वाट्याला स्वतंत्र नियम यावयास मात्र एकोणचाळीस वर्षे लागली. हा विलंब समर्थनीय नसला तरी समजण्यासारखा आहे. चिमणीतला धूर सर्वांना दिसतो, नदीवरचा फेस दिसतो, मेलेले मासे दिसतात. माती काही बोलत नाही. तिच्यावर गवत उगवते, पोरे खेळतात, आणि दहा-वीस वर्षांनी शेजारच्या विहिरीचे पाणी तपकिरी होते तेव्हा कारखान्याचे नाव बदललेले असते, मालक बदललेला असतो आणि कागदपत्रे कोणत्या दप्तरात आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. नियम निघाले त्या वेळी देशात अशा १०३ जागांची निश्चिती झाली होती आणि प्रत्यक्ष निर्मलीकरणाचे काम त्यांतील अवघ्या सात ठिकाणी सुरू होते, ही आकडेवारी सरकारचीच आहे.

नव्या नियमांप्रमाणे जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची माहिती दर सहा महिन्यांनी द्यावयाची, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करावयाची, संशय खरा ठरल्यास आणखी तीन महिन्यांत सविस्तर पाहणी, मग तज्ज्ञ संस्थेकडून उपाययोजनेचा आराखडा आणि दोषी व्यक्तीकडून खर्चाची वसुली, असा क्रम ठरला आहे. दोषी सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर खर्च केंद्र व राज्य सरकारांनी सोसावयाचा. ओळख पटविण्याच्या टप्प्यांना मुदती आहेत. जमीन सुरक्षित करून दाखविण्याला मात्र तशी ठाम मुदत नाही. तरीही काहीच नसण्यापेक्षा हे पुष्कळ बरे. आमचा प्रश्न ह्या क्रमाच्या शेवटच्या पायरीशी संबंधित आहे. सर्वांत कमी खर्चाचा म्हणून जो उपाय पुन्हापुन्हा पुढे केला जाईल तो म्हणजे दूषित माती जागच्या जागी बंदिस्त करून टाकणे. असा परवाना कोणत्या अटींवर द्यावयाचा, आणि तो दिल्यानंतर त्या मातीची राखण कोणी करावयाची?

आपल्या शहरांत हा प्रश्न कसा उभा राहतो हे पाहण्यासाठी फार लांब जावयास नको. मुंबईच्या गिरण्या गेल्या आणि मनोरे आले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांच्या शेजारी, आणि काही ठिकाणी त्यांच्याच जागी, कचेऱ्या व घरे उभी राहिली. जुन्या कारखान्याची जमीन विकली जाते, यंत्रे भंगारात जातात, पत्रे उतरतात, पाया खणावयास सुरुवात होते आणि दीड-दोन मीटरखाली काळपट, उग्र दर्पाची माती लागते. बांधकाम व्यावसायिक सचोटीचा असेल तर काम थांबवून माती तपासून घेतो. (नसेल तर रात्रीच्या डंपरने ती माती खाडीच्या काठी जाऊन पडते आणि परवान्याचा प्रश्नच उद्भवत नाही.) त्याच्यापुढे तीन मार्ग असतात. ती माती उचलून घातक कचऱ्याच्या अधिकृत भरावस्थळी पाठवावी. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे अशी स्थळे आहेत. किंवा ती धुऊन, भाजून अथवा जीवाणूंच्या साहाय्याने शुद्ध करावी. किंवा आपल्याच आवाराच्या एका कोपऱ्यात तिला खाली अस्तर आणि वर झाकण घालून ठेवावी आणि त्यावर मोटारतळ वा बगीचा करावा. पहिल्या मार्गात टनामागे भरावस्थळाचा दर आणि वाहतूक भरावी लागते, दुसऱ्यात वेळ मोडतो. बँकेचे व्याज तर रोजचे चालू असते. तेव्हा अर्ज तिसऱ्या मार्गासाठी येतो, ह्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

हा तिसरा मार्ग म्हणजे निव्वळ लबाडी असे मानण्याची पद्धत काही पर्यावरणवादी मंडळींत आहे. ती आम्हांस मान्य नाही. भोपाळचेच उदाहरण घ्यावे. युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यात साठवून ठेवलेला ३३७ टन कचरा, उच्च न्यायालयाने कानउघाडणी केल्यानंतर, १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंद कंटेनरांतून सुमारे अडीचशे किलोमीटरवरील पिथमपूर येथे हलविण्यात आला. गॅसकांडाला तेव्हा चाळीस वर्षे उलटून गेली होती. पिथमपूरचे नागरिक रस्त्यावर उतरले, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. भोपाळचे विष आमच्या दारी का, हा त्यांचा सवाल होता, आणि त्याला चोख उत्तर कोणाजवळही नव्हते. जून २०२५ अखेर तो कचरा जाळून झाला. पण जाळताना चुना मिसळावा लागतो. त्यामुळे उरलेली राख व अवशेष वजनाने मूळ कचऱ्यापेक्षाही अधिक भरले, आणि तेही अखेर कोठेतरी अस्तर घातलेल्या खड्ड्यातच ठेवणे भाग होते. विष हलविले म्हणून नाहीसे होत नाही. त्याचा पत्ता बदलतो, एवढेच.

शिवाय हा झाला फक्त पोत्यांत व पिंपांत भरून ठेवलेला कचरा. कारखान्याच्या आवारातील मातीचा अभ्यास नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘नीरी’, आणि हैदराबादची भूभौतिकी संशोधन संस्था ह्यांनी केला तेव्हा दूषित मातीचा अंदाज अकरा लाख टनांचा निघाला होता. बारा कंटेनरांत ३३७ टन ह्या हिशेबाने ती माती हलवावयाची म्हटले तर एकोणचाळीस हजारांवर खेपा होतील. इतके विष रस्त्यावर आणावे असे कोणताही विचारी मनुष्य म्हणणार नाही. म्हणजे पुष्कळशा ठिकाणी माती जागेवरच आवरून धरणे हाच व्यवहार्य उपाय ठरतो. वादाचा मुद्दा आवरून धरावी की नाही हा नसून, ती खरोखरच आवरून धरली आहे हे कोण, कशावरून आणि किती वर्षे सांगणार, हा आहे.

राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावाची हकीकत ह्या संदर्भात प्रत्येक परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने वाचावी अशी आहे. तेथे १९८८ साली काही कारखान्यांनी आवश्यक त्या संमतिपत्रांविना रंगोद्योगात लागणारे ‘एच ॲसिड’ तयार करावयास प्रारंभ केला. उत्पादन थोडाच काळ चालले. ३७५ टन माल निघाला आणि त्यापायी सुमारे २,४४० टन विषारी गाळ मागे राहिला. गावच्या विहिरींचे पाणी काळसर झाले. ते माणसांना नको, गुरांना नको आणि पिकांनाही नको अशी अवस्था झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. गाळ सुरक्षित खड्ड्यांत बंदिस्त करावा असे आदेश झाले. प्रत्यक्षात बंदिस्त झाला तो सुमारे ७२० टन. बाकीचा गाळ आवारातच पसरून त्यात माती मिसळण्यात आली, जेणेकरून पाहणीला येणाऱ्यास तो दिसू नये. आणि पावसाने उरलेले काम केले. १३ फेब्रुवारी १९९६ च्या निकालात न्यायालयाने, जो दूषित करील त्यानेच भरपाई करावी हे तत्त्व ठामपणे लागू केले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो निकाल मुखोद्गत असतो. पण पुढचे फारसे कोणी सांगत नाही. निर्मलीकरणासाठी ठरलेले ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये भरले जावेत ह्यासाठी त्याच न्यायालयाला २०११ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी, पुन्हा निकाल द्यावा लागला, आणि १९९७ पासूनचे चक्रवाढ व्याज लावावे लागले. ह्या पंधरा वर्षांत बिछडीच्या शेतकऱ्याने विहिरीकडे पाहून काय म्हटले असेल, ह्याची कल्पना कोणालाही करता येईल.

बिछडीत काय चुकले? आदेश स्पष्ट होता. खड्ड्यात गाळ घालावयाचा हे काम काही अवघड नव्हते. उणीव होती ती मोजदादीची. २,४४० टनांपैकी खड्ड्यात किती उतरले ह्याची नोंद रोजच्या रोज, ट्रकागणिक, तिऱ्हाईताच्या देखत झाली असती तर सतराशे टन गाळ मातीत मिसळून टाकणे इतके सोपे गेले नसते. आपल्याकडे अर्जदारच तज्ज्ञ नेमतो, तज्ज्ञाची फी अर्जदारच देतो आणि त्या तज्ज्ञाच्या अहवालावर मंडळ शिक्का उमटविते. नमुने कोठून घ्यावयाचे हेही तोच ठरवितो. दहा मीटरच्या अंतराने भोके घ्यावीत की पन्नास मीटरच्या, एवढ्या एका तपशिलावर अहवालातील विषाचा साठा निम्म्याने कमी दिसू शकतो. तेव्हा नमुन्यांच्या जागा मंडळाने ठरवाव्यात, तपासणी मंडळाने नेमलेल्या प्रयोगशाळेत व्हावी आणि तिचे शुल्क अर्जदाराने मंडळाकडे भरावे, ही अगदी साधी सुधारणा आहे. शालान्त परीक्षेत विद्यार्थ्याने आपलाच परीक्षक नेमलेला आपण चालवून घेत नाही.

आता त्या खड्ड्याच्या रचनेविषयी थोडे. पुस्तकातील रचना सुबक असते. तळाशी घट्ट दाबलेल्या चिकणमातीचा थर, त्यावर प्लॅस्टिकचे जाड अस्तर, त्यावर झिरपलेले पाणी गोळा करणाऱ्या नळ्या, मग दूषित माती, पुन्हा चिकणमाती व अस्तर, वर निचऱ्याचा थर आणि सर्वांत वर सुपीक माती व गवत. चिकणमाती इतकी दाबावयाची की सेकंदाला मीटरचा एक अब्जांशही वाट पाण्याला मिळू नये. त्या मापाने हिशेब केला तर सतत ओल असूनही वर्षाला जेमतेम तीन सेंटीमीटर पाणी थरातून खाली उतरेल. ऐकावयास हे फार आश्वासक आहे. परंतु ही मापे ज्या देशांत रूढ झाली तेथे पाऊस वर्षभर विभागून पडतो. कोकणात अडीच हजार मिलिमीटर आणि त्याहूनही अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि पुढचे आठ महिने जमीन तापत राहते.

त्यातून घाटावर आणखी एक अडचण आहे. स्वस्तात मिळते म्हणून झाकणासाठी काळी रेगड माती वापरण्याचा मोह कंत्राटदाराला होणार. तिचा स्वभाव शेतकऱ्याला विचारावा! ओली असताना फुगून घट्ट बसते आणि चैत्र-वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. प्रयोगशाळेतील नळीत ती पाण्याला अजिबात वाट देत नाही. रानात पहिल्याच वळवाचे पाणी त्या भेगांतून थेट खाली जाते. दख्खनचा काळा कातळही फसवा आहे. त्याच्या अंगात पाणी मुरत नाही, पण त्याच्या सांध्यांतून व फटींतून ते झपाट्याने धावते. कोठे धावेल हे वरून कळत नाही. एका विंधनविहिरीला चार इंच पाणी लागते आणि पंचवीस पावलांवरची दुसरी कोरडी निघते, हा खेडोपाडीचा अनुभव आहे. मग खड्ड्याच्या खालच्या अंगाला एकच तपासणी-विहीर खणून तिचे पाणी स्वच्छ आहे असे प्रमाणपत्र देणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होय. वरच्या अंगाला निदान एक आणि खालच्या अंगाला निदान तीन, हा अमेरिकेतील घातक कचऱ्याच्या नियमांतला किमान दंडक. आपल्या कातळात तोही अपुरा पडण्याचा संभव आहे, आणि विहिरींच्या जागा फटींचा माग काढूनच ठरविल्या पाहिजेत.

किती विष उरले तर चालेल, हा आकडाही परवान्यातच ठरतो, आणि येथे तामिळनाडूतील कोडाईकनालचे प्रकरण बोधप्रद आहे. तेथील तापमापकांचा कारखाना अमेरिकेतील वॉटरटाउनहून उचलून १९८० नंतरच्या दशकात ह्या थंड हवेच्या डोंगरावर आणला गेला. पारा लागलेली फुटकी काच भंगारवाल्याकडे पडलेली सापडल्यानंतर २००१ साली तो बंद पडला, आणि २००३ साली सुमारे २९० टन पारायुक्त कचरा अमेरिकेस परत धाडण्यात आला. आवारातील माती मात्र जागेवरच राहिली. तिच्यात किलोमागे किती पारा शिल्लक राहिलेला चालेल ह्यावर वर्षानुवर्षे वाद झाला. यंत्रणेने मान्य केलेला आकडा किलोमागे वीस मिलिग्रॅमचा. आजूबाजूला शोलावने आणि खाली उतरणारे ओढे असताना तो फार सैल आहे, असे कामगारांच्या व रहिवाशांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे. आकडा दुप्पट सैल केला की खणावयाची माती आणि तिच्यावरचा खर्च, दोन्ही घटतात. असे आकडे तांत्रिक म्हणून ओळखले जातात आणि म्हणून त्यांच्यावर ग्रामसभेत चर्चा होत नाही. वस्तुतः कोणी किती धोका पत्करावयाचा ह्याचा तो निवाडा असतो आणि धोका पत्करणाऱ्यालाच त्यात विचारले जात नाही.

तरी ह्या साऱ्या गोष्टी परवाना देण्याच्या दिवसापर्यंतच्या झाल्या. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. अस्तर घालणारा कंत्राटदार जातो, सही करणारा अधिकारी बदलून जातो, तज्ज्ञ दुसऱ्या कामाला लागतो. पुरलेली माती तेथेच असते. शिसे, पारा, क्रोमियम ही मूलद्रव्ये आहेत. ती कुजत नाहीत, काळाने त्यांचे काही वाकडे होत नाही. त्यांना आवरणारे प्लॅस्टिक मात्र काळाने जीर्ण होते, झाडांची मुळे त्यात शिरतात, नळवाला चर खणताना कुदळ घालतो.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स ह्या शहरी हेच घडले. तेथील लव्ह कॅनॉल नावाच्या अर्धवट खणलेल्या जुन्या कालव्यात एका रसायन कंपनीने १९४२ ते १९५३ ह्या काळात एकवीस हजार टनांवर रासायनिक कचरा पुरला आणि वर चिकणमातीचे झाकण घातले. १९५३ साली ती जमीन कंपनीने तेथील शाळा-मंडळाला एका डॉलरला विकली. खरेदीखतात स्पष्ट लिहिले होते की येथे रासायनिक कचरा पुरलेला आहे आणि त्यापासून काही इजा झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही. म्हणजे फसवणूक झाली असे म्हणावयासही जागा ठेवली नव्हती! मंडळाने तेथे शाळा बांधली. भोवती घरे झाली. बांधकामात झाकणाची माती उकरली गेली, गटारांचे चर त्याच्या कडेतून गेले. घरे घेणाऱ्या कामगार कुटुंबांना ते खरेदीखत कोणी दाखविले नाही. ते शाळा-मंडळाच्या कपाटात होते. पुढे १९७७ च्या सुमारास बर्फ व पाऊस भरपूर झाला, जमिनीखालचे पाणी वर चढले आणि तळघरांच्या भिंतींतून काळा द्रव पाझरू लागला. ज्यांची मुले त्या शाळेत जात होती त्या लोइस गिब्ज ह्या गृहिणीने शेजाऱ्यांना संघटित केले. ऑगस्ट १९७८ मध्ये प्रथम राज्याने आणि ७ तारखेला अध्यक्ष कार्टर ह्यांनी आणीबाणी जाहीर केली. शेकडो कुटुंबे हलवावी लागली. त्यातूनच १९८० साली दूषित जागांच्या निर्मलीकरणाचा प्रसिद्ध कायदा झाला.

आणि मग त्या कालव्यातील कचऱ्याचे काय केले? तो तेथेच ठेवला. अधिक चांगले झाकण घातले, भोवती कुंपण घातले, झिरपणारे पाणी उपसून शुद्ध करण्याचे यंत्र बसविले. २००४ साली ही जागा धोकादायक जागांच्या राष्ट्रीय यादीतून कमी झाली, तरी उपसा थांबलेला नाही. १९५३ चे झाकण आणि नंतरचे झाकण ह्यांत चिकणमातीच्या जाडीपेक्षा मोठा फरक आहे तो हा की, दुसऱ्या झाकणाला राखणदार आहे, त्याच्या खर्चाची तरतूद आहे, आणि विष जागेवर ठेवले असेल तेथे दर पाच वर्षांनी फेरतपासणी झालीच पाहिजे असे कायदा सांगतो. पहिल्या झाकणाला फक्त एक कागद होता.

ह्या कागदाचाच विचार आपण महाराष्ट्रापुरता करू. आपल्याकडे जमिनीचा कागद म्हणजे सातबारा आणि शहरात मालमत्ता पत्रक. शेतकऱ्याने विकास सोसायटीचे पीककर्ज काढले तर त्याच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ ह्या सदरात बोजा चढतो. कर्ज फिटेपर्यंत तो उतरत नाही, आणि गावातला अशिक्षित मनुष्यसुद्धा जमीन घेण्यापूर्वी ‘बोजा आहे का’ एवढे विचारतोच. ही शंभर वर्षांची अंगवळणी पडलेली शिस्त आहे. कूळ, विहिरीतला हिस्सा, रस्त्याची वहिवाट हेही ह्या सदरात येते. मग दोन मीटरखाली पुरलेले शिसे का येऊ नये? बँकेचे देणे पाच-दहा वर्षांत फिटते. हे देणे कधीच फिटत नाही. दूषित माती बंदिस्त करण्याचा परवाना देताच त्याची प्रत तलाठ्याकडे जावी (सरकारदरबारी त्याचे नाव आता बदलले आहे, लोकांच्या तोंडी तो तलाठीच आहे), फेरफार व्हावा, आणि ‘इतर हक्कां’त परवान्याचा क्रमांक, खड्ड्याच्या चतुःसीमा, खोली आणि काय पुरले आहे ते लिहिले जावे. फेरफाराची नोंद होईपर्यंत परवाना अमलात येऊ नये. ह्याला नवी यंत्रणा लागत नाही, नवे खाते लागत नाही. तलाठ्याची लेखणी लागते.

शहरात ह्या नोंदीची निकड अधिक आहे, कारण तेथे जमिनीचा अंतिम मालक कोण होतो हे लक्षात घेतले पाहिजे. बांधकाम व्यावसायिक इमारत पुरी करतो, सदनिका विकतो आणि कायद्याप्रमाणे जमिनीचे अभिहस्तांतरण सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या नावे होते. संस्था म्हणजे कोण? भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून आणि वीस वर्षांचे कर्ज घेऊन दोन खोल्या घेणारे शिक्षक, बँकेतले कारकून, निवृत्त पोस्टमास्तर. बगीच्याखालचा तो खड्डा, त्यातले अस्तर, त्याच्या तपासणी-विहिरी आणि अस्तर फाटले तर त्याची दुरुस्ती, हे सारे ज्या दिवशी अभिहस्तांतरण होते त्या दिवशी त्यांच्या गळ्यात पडते. अमेरिकेच्या कायद्यात तर जमिनीच्या चालू मालकालाही निर्मलीकरणासाठी जबाबदार धरता येते. आपल्याकडे तसे झाले नाही तरी विहिरीचे पाणी चालू रहिवाशालाच प्यावयाचे असते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वये प्रवर्तकाला जमिनीवरील बोजे जाहीर करावे लागतात. पुरलेले विष हाही बोजाच आहे असा अर्थ लावून तो परवाना प्रकल्पाच्या नोंदणीबरोबर सर्वांना पाहता येईल असा ठेवावा आणि सदनिकेच्या करारनाम्यात त्याचा उल्लेख सक्तीचा करावा. लव्ह कॅनॉलचे खरेदीखत कपाटात राहिले. हा करारनामा प्रत्येक घरात जातो.

पैशाचा प्रश्न त्याहून सोपा, आणि म्हणूनच अधिक टाळला जाणारा. खड्ड्याची देखभाल करण्यास दरवर्षी खर्च येणार. अमेरिकेत घातक कचऱ्याचे भरावस्थळ बंद केल्यावर सामान्यतः तीस वर्षे देखभाल करण्याची आणि त्यासाठी आर्थिक हमी देण्याची सक्ती आहे. आपण तीस वर्षांच्या खर्चाएवढी ठेव परवान्यापूर्वीच वेगळ्या खात्यात भरून घ्यावी. ती कंपनीच्या ताळेबंदात दाखविलेली तरतूद नको. कंपनी दिवाळ्यात निघाली की तरतूदही निघते. ठेव असली म्हणजे प्रवर्तक परागंदा झाला तरी विहिरींची तपासणी थांबणार नाही. बिछडीला जी रक्कम पंधरा वर्षे मिळाली नाही ती येथे पहिल्याच दिवशी जमा झालेली असेल.

ह्यावर बांधकाम क्षेत्रातून दोन आक्षेप येतील. एक, ह्या सर्व सोपस्कारांत प्रकल्प रखडतील. हा आक्षेप पोकळ नाही. अर्ज आठ महिने टेबलावर पडून राहणे आणि मग एका दुपारी न वाचता मंजूर होणे, हाच आजवरचा सरकारी खाक्या आहे आणि त्याने ना मातीचे भले होते ना अर्जदाराचे. संशयित जागा तपासण्यास मंडळाला नव्वद दिवसांची मुदत बांधता येते तर अर्जाचा निकाल देण्यासही तशीच मुदत बांधावी, आणि नकार दिल्यास कारणे लेखी द्यावीत. त्यासाठी मंडळातील रिकाम्या खुर्च्या भराव्या लागतील, भूगर्भशास्त्र जाणणारी माणसे घ्यावी लागतील. दुसरा आक्षेप असा की, सातबाऱ्यावर असा शेरा पडला की जमिनीचा भाव कोसळेल. तो कोसळला पाहिजे! ज्या जमिनीच्या पोटात शिसे आहे तिची किंमत निर्मळ जमिनीएवढी असणे हीच बाजाराची फसवणूक आहे. भाव पडेल ह्या धास्तीने तरी कारखानदार जमीन नासवताना दहा वेळा विचार करील, आणि विकत घेणारा आधी भोके पाडून पाहील. किंबहुना माती बंदिस्त करण्याऐवजी शुद्ध करणेच स्वस्त पडते, असाही हिशेब मग पुष्कळ ठिकाणी निघेल.

राहता राहिला तपासणीचे आकडे कोणी वाचावयाचे हा प्रश्न. मंडळाच्या दप्तरी गेलेला अहवाल सहसा कोणी वाचत नाही. खड्ड्याजवळच्या विहिरींचे पाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर नोव्हेंबरात, तपासले जावे. आणि ते आकडे ग्रामपंचायतीच्या किंवा गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर मराठीत लावले जावेत, शेजारी कायद्याने ठरविलेली मर्यादा लिहून. जवळच्या माध्यमिक शाळेलाही त्याची एक प्रत पाठवावी. शिसे पाच वर्षांत किती चढले ह्याचा आलेख काढणे नववीच्या वर्गाला जड जाणार नाही.